जुन्या डेस्कटॉपांचा क्लस्टर आणि ओपनफोम: आधी मेमरी, मग नेटवर्क, कोअर शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या लॅबमध्ये आय५-६५०० चे आठ डेस्कटॉप रिकामे झाले आहेत. प्रत्येकात ८ जीबीची एक रॅम स्टिक आहे, जोडीला साधा गिगाबिट स्विच आहे आणि हातात थोडेफार पैसे आहेत. यांचा क्लस्टर करून (म्हणजे सगळे जोडून एकाच गणिताला लावून) अहमद बॉडीभोवतीचा (मोटारीच्या आकाराच्या साध्या चाचणी-ठोकळ्याभोवतीचा) हवेचा प्रवाह, साधारण ४० लाख सेलच्या मेशवर (जागेचे लहान-लहान तुकडे पाडणाऱ्या जाळीवर), ओपनफोम या प्रवाहगणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोडवता येईल का? की त्यापेक्षा रास्पबेरी पाय घ्यावेत, किंवा एखादा जुना सर्व्हर?

सोडवता येईल. पण आहेत तशीच यंत्रं जोडलीत तर जवळजवळ निम्मा वेग वाया जाईल, आणि त्यात नेटवर्कचा दोष नसेल. दोष त्या एकट्या रॅम स्टिकचा असेल.

ओपनफोमसारखे फायनाइट व्हॉल्यूम सॉल्व्हर (एकेका सेलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाहाचा हिशेब ठेवणारे) आपला बहुतेक वेळ विरळ, म्हणजे बहुतेक जागी शून्य असलेली, मॅट्रिक्स वाचण्यात घालवतात. प्रत्येक सेलमागे थोडे गुणाकार-बेरजा असतात, पण त्यासाठी मेमरीतून बरीच माहिती ओढून आणावी लागते. प्रेशरचं समीकरण पीसीजी पद्धतीने (फेरीमागून फेरी उत्तर सुधारत) सोडवताना, तिला वेग देणाऱ्या डीआयसी प्रीकंडिशनरसकट, एका इटरेशनमध्ये (फेरीत) प्रत्येक सेलमागे ढोबळमानाने ३०० बाइट्सची ने-आण होते. मेश कॅशमध्ये मावत नाही, त्यामुळे हे सगळं रॅममधूनच यावं लागतं. म्हणून प्रोसेसरची गिगाहर्ट्झ आणि कोअरची संख्या बाजूला ठेवा. रॅम एका सेकंदात किती जीबी देते, हा आकडा आधी बघा.

आय५-६५०० ला दोन मेमरी चॅनेल आहेत. डीडीआर४-२१३३ च्या दोन स्टिक लावल्या तर कागदावर ३४.१ जीबी प्रति सेकंद मिळतात, एकच स्टिक असेल तर त्याच्या निम्मे, १७ च्या आसपास. प्रत्यक्षात मेमरीचा वेग मोजणाऱ्या स्ट्रीम बेंचमार्कच्या ट्रायड चाचणीत दोन स्टिकवर साधारण २५ आणि एकीवर १३ च्या आगेमागे आकडा येतो. ऑफिससाठी घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये सर्रास एकच स्टिक असते, कारण वर्ड आणि ब्राउझरला फरक पडत नाही. इथे मात्र तो दुप्पट पडतो. तेव्हा पहिला खर्च हाच: आठही यंत्रांत तशीच आणखी एक ८ जीबीची स्टिक. ती दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये गेली पाहिजे. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर सहसा एका रंगाची जोडी वेगवेगळ्या चॅनेलची असते, पण रंगावर विसंबू नका. बायोसमध्ये ‘ड्युअल चॅनेल’ दिसतंय का ते पाहा, आणि लिनक्समध्ये डीएमआयडीकोड चालवून कुठल्या स्लॉटमध्ये काय आहे ते तपासा. स्ट्रीम चालवताना ॲरेचा आकार शेवटच्या कॅशच्या किमान चौपट ठेवा, नाहीतर तुम्ही कॅशचाच वेग मोजून खूश व्हाल.

आता सर्व्हरशी तुलना. दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ चा जुना सर्व्हर किंवा वर्कस्टेशन घेतलं, तर प्रत्येक प्रोसेसरला डीडीआर४-२४०० चे चार चॅनेल मिळतात. दोन्ही मिळून कागदावर १५३.६ जीबी प्रति सेकंद, प्रत्यक्षात साधारण १२० ते १३०. तुमचे आठ डेस्कटॉप एकेका स्टिकवर मिळून १०४ देतात, दोन-दोन स्टिकवर २००, आणि त्यातूनही नेटवर्कचा वाटा वजा करावा लागतो. म्हणजे रॅम न वाढवलेला आठ यंत्रांचा क्लस्टर एका जुन्या सर्व्हरच्याही मागे पडतो. रॅम वाढवली तर थोडा पुढे जातो. यावरून निर्णय सोपा होतो. यंत्रं फुकट पडून असतील तर रॅम टाका आणि क्लस्टर करा. शून्यातून खरेदी करायची असेल तर एकच दोन-सॉकेटचा सर्व्हर घ्या: नेटवर्क नाही, आठ ठिकाणी अपडेट नाहीत, आठ पॉवर सप्लाय नाहीत. बजेट जरा जास्त असेल तर एपिक ७००२ मालिकेचा एक प्रोसेसर पाहा. त्याला डीडीआर४-३२०० चे आठ चॅनेल आहेत, म्हणजे एकाच सॉकेटवर २०४.८ जीबी प्रति सेकंद.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन असा जुना सर्व्हर घेताना एक गोष्ट हमखास फसवते. विकणारा ‘६४ जीबी रॅम’ म्हणतो आणि आत ३२ जीबीच्या दोनच स्टिक असतात, म्हणजे आठपैकी सहा चॅनेल रिकामे. ८ जीबीच्या आठ स्टिक मागा. त्या रजिस्टर्ड ईसीसी (साठवणीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) प्रकारच्या असतात आणि तुमच्या डेस्कटॉपमध्ये चालत नाहीत, त्यामुळे ‘इकडच्या तिकडे लावू’ हा हिशेब मनात ठेवू नका.

रास्पबेरी पायबद्दल. पाय ४ ची मेमरी बस ३२ बिटची, कागदावर १२.८ जीबी प्रति सेकंद, आणि प्रत्यक्षात त्याच्या बरीच खाली. चार-पाच पाय, त्यांचे पॉवर ॲडाप्टर, एसडी कार्डं आणि स्विच मिळून तुमच्या एका डेस्कटॉपच्या बरोबरीला येतात. लॉस अलामोस प्रयोगशाळेत २०१७ मध्ये ७५० नोडचा (यंत्रांचा) पाय क्लस्टर उभारला होता हे खरं, पण तो मोठ्या संगणकांसाठी सिस्टिम सॉफ्टवेअर तपासायला होता. त्यावर प्रवाहाचं उत्पादनकाम करायचं नव्हतं. एमपीआय (यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवून मिळून गणित करण्याची पद्धत) शिकवायला पाय उत्तम आहेत, ४० लाख सेल सोडवायला नाहीत.

आता नेटवर्क. यातच सगळ्यात जास्त अंदाजपंचे बोललं जातं, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

४० लाख सेल आठ नोडांवर वाटले की प्रत्येकाकडे ५ लाख. मेश साधारण घनाकार समजू आणि दोन-दोन-दोन असे तुकडे करू. प्रत्येक तुकड्याची बाजू सुमारे ७९ सेलची आणि त्याचे तीन चेहरे शेजारच्या नोडांना लागलेले. म्हणजे सुमारे १९ हजार सेलची किंमत, प्रत्येकी ८ बाइट्स, एकूण १५० केबीच्या आसपास, दर इटरेशनला पलीकडे पाठवायची. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११७ एमबी जातात, म्हणून याला १.३ मिलिसेकंद लागतात. त्याखेरीज पीसीजीच्या दर इटरेशनला सर्व नोडांची मिळून तीन वेळा बेरीज करावी लागते. आठ नोडांना तीन टप्पे, गिगाबिटवर एमपीआयचा लेटन्सी (निरोप पोचायला लागणारा किमान वेळ) टप्प्याला साधारण ५० मायक्रोसेकंद, म्हणजे तीन बेरजांचे ०.४५ मिलिसेकंद. एकूण नेटवर्क १.७५ मिलिसेकंद. गणिताचं काम: ५ लाख गुणिले ३०० बाइट्स म्हणजे १५० एमबी, २५ जीबीच्या वेगाने ६ मिलिसेकंद. तेव्हा ७.७५ पैकी ६ मिलिसेकंद कामाचे, कार्यक्षमता ७७ टक्के. साध्या गिगाबिटवर हे अजिबात वाईट नाही.

हाच हिशेब नोडमागे ५० हजार सेलवर करून पाहा. गणित ०.६ मिलिसेकंदांत उरकतं, पण नेटवर्कला ०.७५ ते ०.९ लागतात; अर्ध्याहून जास्त वेळ वाट पाहण्यात जातो. चेहऱ्याचं क्षेत्रफळ आकारमानापेक्षा हळू घटतं आणि बेरजांचा लेटन्सी तर मेश कितीही लहान केला तरी घटतच नाही. यातून गिगाबिटसाठी एक कामचलाऊ मर्यादा निघते: नोडमागे किमान २ ते ३ लाख सेल. तुमच्या ४० लाखांना आठ नोड बरोबर बसतात. १० लाखांची केस असेल तर ती चारच नोडांवर टाका आणि उरलेल्या चारांवर दुसरी केस चालवा. वेगवेगळ्या कोनांच्या किंवा वेगांच्या अनेक केसेस करायच्या असतील, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात तसंच असतं, तर एका केसला सगळी यंत्रं जुंपण्यात अर्थ नाही.

नेटवर्क सुधारायचं ठरवलं तर २.५ गिगाबिटची कार्डं आणि स्विच हा सोपा रस्ता आहे. त्याने माहितीचा वेग अडीचपट होतो, लेटन्सी मात्र जवळपास तसाच राहतो. दुसरा रस्ता जुन्या इन्फिनिबँडचा, म्हणजे सुपरकॉम्प्युटरांत वापरल्या जाणाऱ्या वेगवान नेटवर्कचा. मेलानॉक्सची कनेक्टएक्स-३ एफडीआर कार्डं ५६ गिगाबिटची आहेत आणि लेटन्सी एक-दोन मायक्रोसेकंदांवर येतो. वरच्या हिशेबातले १.७५ मिलिसेकंद जवळपास नाहीसे होतात. पण काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. कार्डाला पीसीआय एक्सप्रेसचा आठ लेनचा स्लॉट लागतो. ग्राफिक्स कार्ड नसल्याने डेस्कटॉपमधला सोळा लेनचा स्लॉट मोकळा असतो, तिथे ते बसतं. लहान कॅबिनेट असेल तर बुटका ब्रॅकेट वेगळा मागावा लागतो. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत, डेस्कटॉपमध्ये त्यांच्यावर एक छोटा पंखा लावा. कंपनीच्या नव्या ड्रायव्हर संचातून कनेक्टएक्स-३ चा आधार काढून टाकलेला आहे, म्हणून तो संच उतरवत बसू नका. लिनक्स कर्नलमधला एमएलएक्स४ ड्रायव्हर चालतो. स्विच अनमॅनेज्ड असेल किंवा दोन यंत्रं थेट केबलने जोडली असतील तर एका यंत्रावर ओपनएसएम (इन्फिनिबँडचं जाळं सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू ठेवावा लागतो. तो नसेल तर केबलचा दिवा लागतो, पोर्ट मात्र ‘इनिशिअलायझिंग’वर अडून बसतं आणि माणूस केबल बदलत राहतो. जुन्या छत्तीस पोर्टच्या इन्फिनिबँड स्विचचा आवाज लॅबमध्ये बसवणार नाही, हेही लक्षात असू द्या.

लॅटिस बोल्ट्झमन ही प्रवाह सोडवण्याची दुसरी पद्धत स्वस्त नेटवर्कला जास्त मानवते, असं बरेचदा ऐकू येतं. अर्धं खरं आहे. त्यात सर्व नोडांच्या बेरजा नसतात, त्यामुळे लेटन्सीचा त्रास कमी. पण तिच्या डी३क्यू१९ मॉडेलमध्ये (सेलमागे १९ मूल्यं असलेल्या) प्रत्येक सीमेवरच्या सेलमागे पाच मूल्यं, म्हणजे ४० बाइट्स पलीकडे जातात. गणित चालू असतानाच ती पाठवण्याची सोय कोडमध्ये नसेल तर गिगाबिटवर फायदा होत नाही.

सॉल्व्हरच्या सेटिंगकडे वळू. प्रेशरसाठी जीएएमजी हा दुसरा सॉल्व्हर संथ नेटवर्कवर वाईट चालतो, म्हणून पीसीजी वापरा, हा सल्ला आंधळेपणाने घेऊ नका. जीएएमजी मेश टप्प्याटप्प्याने भरड करत जातो, आणि भरड पातळ्यांवर सेल नगण्य असले तरी निरोप तेवढेच पाठवावे लागतात, तेही लहान-लहान. त्यामुळे त्याचं स्केलिंग (नोड वाढवले की वेग किती वाढतो ते) खराब दिसतं. पण स्थिर प्रवाहाच्या मोठ्या मेशवर पीसीजीला शेकडो इटरेशन लागतात तिथे जीएएमजीचं दहा-पंधरा आवर्तनांत भागतं. स्केलिंगचा आलेख खराब असूनही घड्याळात तोच जिंकतो. कालावलंबी प्रवाहात टाइमस्टेप लहान असतो, पीसीजीच्या इटरेशन काही डझनांवर येतात, तिथे मात्र लढत बरोबरीची होते. दोन्ही पन्नास-पन्नास टाइमस्टेप चालवा आणि मोजा. जीएएमजी ठेवलात तर सर्वात भरड पातळीवरच्या सेलची संख्या ठरवणारं सेटिंग दहाच्या आसपासच्या पारंपरिक आकड्यावरून काहीशे ते हजारापर्यंत वाढवा. पातळ्या कमी होतात आणि निरोपही.

नोडांमध्ये वाटण्यासाठी मेश तोडताना स्कॉच पद्धत वापरा. ती सीमेवरचे चेहरे कमी ठेवते. ‘सिम्पल’ने एकाच दिशेला आठ चकत्या पाडल्या तर सीमेचं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. तोडण्याआधी रीनंबरमेश चालवा. स्नॅपीहेक्समेशमधून (ओपनफोमच्या मेश बनवणाऱ्या प्रोग्रॅममधून) आलेल्या मेशमध्ये सेलचे क्रमांक विस्कळीत असतात, ते शेजारी-शेजारी आणले की कॅशचा उपयोग वाढतो, आणि हा वेग फुकट मिळतो.

नोडमागे किती प्रोसेस? आय५ ला चार कोअर आहेत, पण मेमरी बहुधा तीनमध्येच भरून जाते. तीन आणि चार दोन्ही मोजा. चौथ्याने पाच टक्केही दिले नाहीत तर तो ऑपरेटिंग सिस्टिमला आणि नेटवर्कला सोडा. झिऑनच्या सर्व्हरवर अठ्ठावीस कोअर असले तरी चॅनेलमागे दोन-तीन प्रोसेसनंतर फायदा आटतो. तिथे प्रोसेस दोन्ही सॉकेटवर सारख्या वाटून कोअरला बांधून ठेवा, नाहीतर एका सॉकेटची मेमरी ओसंडते आणि दुसरी रिकामी राहते.

जोडणीत लोक अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. आठही यंत्रांवर एकच लिनक्स, एकाच आवृत्तीचं ओपनफोम आणि एकच ओपन एमपीआय. ओपनफोमच्या दोन शाखा आहेत, एक फाउंडेशनची आणि दुसरी ओपनसीएफडी कंपनीची, जी ईएसआय शाखा म्हणून ओळखली जाते. त्यांची आवृत्ती-क्रमांकांची पद्धत वेगळी आणि केसच्या फाइलींतही फरक. एक निवडा आणि सगळीकडे तीच ठेवा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमचं चांगलं शिक्षणसाहित्य तयार केलं आहे. विद्यार्थ्यांना आधी त्यावर बसवा. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे हेड नोडवर (मुख्य यंत्रावर) ओपनफोम एका फोल्डरमध्ये ठेवून ते एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या सोयीने) सर्वांना वाटायचं, म्हणजे आवृत्ती जुळवण्याचा प्रश्नच मिटतो.

क्लस्टरला स्वतःचं बंद नेटवर्क द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.० ची मालिका. कॉलेजच्या नेटवर्कला फक्त हेड नोड दुसऱ्या कार्डाने जोडा. उबुंटू आणि डेबियन यंत्राचं स्वतःचं नाव होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ ला जोडून ठेवतात. ती ओळ काढा आणि खरा पत्ता लिहा, नाहीतर एमपीआय कधी स्वतःलाच शोधत बसतो. यंत्रावर डॉकर किंवा व्हर्च्युअल मशीन असेल तर त्यांची आभासी नेटवर्क कार्डंही एमपीआयला दिसतात, तो त्यावरून बोलायला जातो आणि रन एकही ओळ न छापता लटकतो. ओपन एमपीआयला टीसीपीसाठी कोणतं कार्ड वापरायचं ते स्पष्ट सांगा. क्लस्टरच्या या आतल्या नेटवर्कसाठी फायरवॉल पूर्ण उघडा ठेवा, कारण एमपीआय दर वेळी वेगळी पोर्ट घेतो.

पासवर्डविना एसएसएच (एका यंत्रावरून दुसऱ्यावर शिरण्याची सोय) झालं की लोकांना काम संपल्यासारखं वाटतं, आणि मग दुसऱ्या नोडवर ‘कमांड सापडली नाही’ असं येतं. कारण ठरलेलं: उबुंटूच्या बॅशआरसी फाइलच्या सुरुवातीला अशी तरतूद असते की सत्र माणसाने उघडलेलं नसेल तर फाइल तिथेच सोडून द्यायची. ओपनफोमचं वातावरण लोड करणारी ओळ तुम्ही फाइलच्या शेवटी लिहिलेली असते, एमपीआय तिथवर पोचतच नाही. ती ओळ अगदी वर न्या.

केबल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. लॅबमध्ये हाताने क्रिम्प केलेल्या केबलची एखादी तार सैल असली तर लिंक मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते. पिंग चालतो, एसएसएच चालतं, सगळं ठीक दिसतं, फक्त पूर्ण क्लस्टर रांगतो. प्रत्येक यंत्रावर ईथटूल चालवून वेग १००० दिसतोय का ते पाहा. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) लावायच्या असतील तर स्विचसकट सगळीकडे ९००० लावा. एक जरी यंत्र राहिलं तर विचित्र लक्षण दिसतं: लहान केस चालते, मोठी लटकते, कारण लहान निरोप मावतात आणि मोठे अडतात. तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटचा पिंग सर्व जोड्यांमध्ये मारून पाहिला की हे लगेच कळतं.

इन्फिनिबँड असेल तर मेमरी लॉकची मर्यादा काढून टाका, आणि स्लर्म (कामं रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या सेवेलाही तीच सूट द्या. नाहीतर हाताने चालवलेला रन धावतो आणि रांगेतून दिलेला पडतो. शिवाय एमपीआय इन्फिनिबँड सापडलं नाही तर गुपचूप टीसीपीवर जाऊ शकतो. ओहायो स्टेट विद्यापीठाची (ओएसयूची) लेटन्सी चाचणी चालवा. एक-दोन मायक्रोसेकंद आले तर बरोबर, वीसच्या वर आले तर तुम्ही महागडी कार्डं लावून टीसीपीवरच बोलत आहात.

जुन्या यंत्रांचे स्वतःचे आजार असतात. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते, वीज गेली की घड्याळ मागे जातं. स्लर्म ओळख पटवायला मंज वापरतं, आणि मंजची परवानगी पाच मिनिटांत शिळी होते. घड्याळ चुकलेला नोड रांगेतून गळतो आणि कारण कुणाला उमगत नाही. आठही बॅटऱ्या बदला आणि क्रोनी लावून हेड नोडच्या घड्याळाला सगळ्यांना बांधा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. एक यंत्र तापून वेग कमी करतं आणि बाकीची सात त्याच्यासाठी थांबतात, कारण दर इटरेशनला सगळ्यांनी एकत्र यायचं असतं. पूर्ण भारावर अर्धा तास चालवून प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी बघा. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडा, कीबोर्ड नसल्यास थांबण्याचा बंद करा.

डेस्कटॉपच्या रॅमला ईसीसी नसते, म्हणून जोडणीआधी प्रत्येक यंत्रावर रात्रभर मेमटेस्ट चालवा. पुढे कधी रन ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ने पडला तर तीच केस पुन्हा चालवा. त्याच टाइमस्टेपला पुन्हा पडली तर दोष मेशचा, कुरां क्रमांकाचा (सेलच्या मानाने टाइमस्टेप फार मोठा असल्याचा) किंवा सीमा-अटींचा. दर वेळी वेगळ्याच जागी पडली तर रॅमवर संशय घ्या आणि नोड एकेक करून बाहेर काढत पाहा.

डिस्क. एका टाइमस्टेपची नोंद किती मोठी? वेग, प्रेशर, टर्ब्युलन्सची दोन-तीन क्षेत्रं आणि चेहऱ्यांवरचा फ्लक्स मिळून सेलमागे सुमारे दहा संख्या, प्रत्येकी ८ बाइट. ४० लाख सेलना ३२० एमबी. बायनरी स्वरूपात लिहिलं तर गिगाबिट एनएफएसवर तीन सेकंद, स्थिर प्रवाहात दर पाचशे इटरेशनला एकदा, काही बिघडत नाही. तेच आस्की (साध्या मजकुराच्या) स्वरूपात आणि दर काही टाइमस्टेपला लिहायला लावलं की एनएफएस आणि एमपीआय एकाच तारेवर भांडतात. स्वरूप बायनरी ठेवा, जुन्या नोंदी आपोआप पुसणारं पर्जराइट लावा, आणि फक्त काही बिंदूंचा किंवा बलांचा इतिहास हवा असेल तर पूर्ण क्षेत्र लिहू नका, फंक्शन ऑब्जेक्ट वापरा. मेश तोडणं आणि पुन्हा जोडणं एकाच यंत्रावर चालतं, म्हणून हेड नोडला ३२ जीबी द्या. सॉल्व्हरला दर दहा लाख सेलना एक-दोन जीबी पुरतात, पण स्नॅपीहेक्समेश त्याहून जास्त खातो.

मोजमाप असं करा. केस एकच, लिखाण बंद, पहिल्या काही इटरेशन सोडून पुढच्या शंभरांची सरासरी, नोड एक, दोन, चार, आठ. एचटॉपमध्ये सगळे कोअर १०० टक्के दिसतात म्हणून हुरळून जाऊ नका. ओपन एमपीआय वाट पाहतानाही कोअर फिरवत ठेवतो. ओपनफोमच्या लॉगमध्ये एक्झिक्युशनटाइम आणि क्लॉकटाइम असे दोन आकडे येतात. त्यांत मोठी तफावत असेल तर वेळ डिस्कवर किंवा एनएफएसवर जातोय. दोन्ही सारखे असून स्केलिंग खराब असेल तर नेटवर्क किंवा एखादा आजारी नोड. लिनपॅक या प्रसिद्ध वेगचाचणीचा आकडा या कामाला निरुपयोगी आहे, त्याचं गणित कॅशमध्ये रमतं; एचपीसीजी चाचणी आपल्या सॉल्व्हरच्या जवळची आहे आणि तिच्यात मोठमोठे सुपरकॉम्प्युटरही कमाल क्षमतेच्या काही टक्क्यांवरच येतात.

चाचणीसाठी अहमद बॉडीचा ३५ अंशांचा मागचा उतार घ्या. २५ अंशांवर प्रवाह सुटून पुन्हा चिकटतो आणि साधी रॅन्स मॉडेलं (प्रवाहातल्या खळबळीची फक्त सरासरी धरणारी) ते नीट पकडत नाहीत, मग उत्तर चुकलं तर दोष क्लस्टरचा की मॉडेलचा हे कळणार नाही. एका कोअरवरचा आणि बत्तीस कोअरवरचा ड्रॅग शेवटच्या अंकांत वेगळा येणारच, कारण बेरजांचा क्रम बदलतो. तिसऱ्या सार्थ अंकातच फरक असेल तर रन अजून स्थिरावलेला नाही.

वीज. भारावर प्रत्येक डेस्कटॉप साधारण ८० वॅट धरा, आठांचे ६४० वॅट, शंभर तासांच्या रनला ६४ युनिट. एवढी उष्णता बंद लॅबमध्ये साठते, म्हणून एसीचा खर्चही जमेत धरा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर दोन यंत्रं बसतात, पण स्विच आणि हेड नोडचा यूपीएस विसरू नका. आठ नोड जिवंत आणि स्विच मेला तरी रन गेलाच. कंट्रोलडिक्ट फाइल चालू रनमध्ये बदलता येते. तिच्यातली थांबण्याची अट ‘आत्ता लिहून थांब’ अशी केली की सॉल्व्हर चालू इटरेशन संपवून सगळं जतन करतो. यूपीएसला यूएसबी असेल तर वीज गेल्यावर दोन मिनिटांनी हा बदल करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. तशी सोय नसेल तर दर तासाला नोंद ठेवा, म्हणजे जास्तीत जास्त एक तास जाईल.

बाजारातल्या साध्या यंत्रांतून असं काम उभं करण्याची रीत जुनी आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८६ मध्ये प्रवाहगणितासाठीच फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक उभा केला. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रकारच्या सोळा प्रोसेसरांचा बेओवुल्फ क्लस्टर जोडला. तेव्हाही १० मेगाबिटची एक तार अपुरी पडली म्हणून त्यांनी तारा जोडीने वापरल्या होत्या.

तुमच्या आठ यंत्रांवर स्थिर रॅन्सच्या ४० ते ८० लाख सेलच्या केसेस आरामात होतील. कालावलंबी गणित त्याच मेशवर काही दिवसांचं होईल. दोन-तीन कोटी सेलचं एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारं गणित) यावर सुरू करू नका. त्यासाठी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची यंत्रं आहेत, पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे. अशा ठिकाणी वेळ मागताना आपला कोड किती कोअरपर्यंत नीट स्केल होतो हे दाखवावं लागतं. वर सांगितलेला एक-दोन-चार-आठ नोडांचा तक्ता जपून ठेवा, आणि त्याच्यासोबत सेलची संख्या, सॉल्व्हरचं सेटिंग, एमपीआयची आवृत्ती आणि स्ट्रीमचा आकडाही लिहून ठेवा.